लुंबिनी वकिलांची डाळ मिल

"बिझनेस प्लॅन आणलाय का?" बँकेचे मॅनेजर विरूपाक्ष साहेब म्हणाले, आणि लुंबिनी सोनकांबळेने पिशवीतून वकिलीची सनद काढली, आधार काढलं, पॅन काढलं, लाईट बिल काढलं, पासपोर्ट साइझचे आठ फोटो काढले. बिझनेस प्लॅन काही निघाला नाही.

"साहेब, मी वकील आहे. वकिली हा बिझनेस नसतो."

"मग कर्ज कशाला पाहिजे?"

एल.एल.बी.च्या तीन वर्षांत हा प्रश्न कुठल्याच पेपरला आला नव्हता. लुंबिनीने सगळे कागद पुन्हा पिशवीत भरले. "आणा, आणा प्लॅन. मग आयितु!" विरूपाक्ष साहेब म्हणाले. साहेब बिदरकडचे. 'आयितु' म्हणजे कानडीत 'झालं'. काहीही झालेलं नसताना ते हा शब्द हमखास वापरत.

कर्ज पाहिजे होतं ते गाळ्यासाठी. अहमदपूरच्या कोर्टाच्या फाटकासमोर एक झेरॉक्सचं दुकान आहे, एक चहाचं हॉटेल आहे आणि दोघांच्या मध्ये मलप्पाअण्णांचा रिकामा गाळा. दहा बाय बारा, एक शटर, एक खिडकी आणि खिडकीत कबुतरांचं एक कुटुंब. लुंबिनी गेली आठ वर्षं रेणुकादास वकिलांच्या ऑफिसात दाराजवळच्या खुर्चीवर बसत होती. दावे ती लिहायची, कैफियती ती लिहायची, साक्षीदाराला काय बोलायचं नाही हेही तीच समजावायची. तरी येणारा प्रत्येक पक्षकार दारातून आत डोकावून तिलाच विचारायचा, "साहेब कधी येतील?" गेल्या दिवाळीत तर तिने स्वतः भांडून जामीन मिळवून दिलेला एक माणूस पेढे घेऊन आला, पुडा तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "साहेब आले की द्या बरं का." त्यातला एकही पेढा तिने खाल्ला नाही. त्या दिवशी तिचं ठरलं, स्वतःचा गाळा आणि त्यावर स्वतःच्या नावाची पाटी.

मलप्पाअण्णांनी एकतीस जानेवारीची मुदत दिली होती. "पाच वाजेपर्यंत बँकेचा शिक्का मारलेला कागद दाखव, चावी घेऊन जा. पाच वाजून एक मिनिट झालं की गाळा मोबाईल कव्हरवाल्याचा. तो रोज येऊन भिंतीची मापं घ्यायलाय." आणि तो खरोखरच घेत होता. लुंबिनी कोर्टातून बाहेर पडली की हा टेप पसरून उभा दिसायचा आणि तिला बघून ओळखीचं हसायचा.

घरी आल्यावर तिने शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर 'बिझनेस प्लॅन' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. इंटरनेटवर एक नमुना सापडला होता. पहिला प्रश्न होता, तुमचं उत्पादन कोणतं? लुंबिनीने 'न्याय' असं लिहिलं. मग तो कोर्ट देतं, आपण नाही, हे लक्षात येऊन खोडलं. 'सल्ला' लिहिलं, पण सल्ला अहमदपुरात कोणीही कोणालाही फुकट देतो. शेवटी आठ वर्षांचा अनुभव आठवून तिने प्रामाणिकपणे 'तारखा' असं लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. जाहिरात कशी करणार? इथे गाडी थांबली. वकिलाने जाहिरात करायची नाही, असा बार कौन्सिलचा नियमच आहे. पाटी लावायची तीसुद्धा बेताची. म्हणजे दुकान मांडायचं आणि काय विकतो ते कोणाला सांगायचं नाही.

वडील किशनराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं. "हे बग माय, प्लॅन म्हंजे काय अवघड न्हाई. कुठून सुटायचं, कुठं पोचायचं आन् मधी थांबे किती. आन् गाडी टायमावर सोडायची. प्याशिंजर आपोआप येतंय."

"बाबा, पक्षकार म्हणजे पॅसेंजर आहेत का?"

"मंग कोण हायेत? तेबी कुठंतरी पोचायलाच बसल्यात की."

शेजारच्या चंद्रप्रभाबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी वही हातात घेतली, आधी समास नाही म्हणून लाल पेनने समास आखला, मग 'उद्दिष्टे' आणि 'कृती' असे दोन रकाने पाडले आणि 'तारखा' या शब्दाला गोल करून समासात 'स्पष्ट करा' असा शेरा मारला. आई महामाया पोळ्या लाटत होती. तिने एवढंच विचारलं, "ह्या वहीला बँक पैसे देणार हाय?"

दुसऱ्या दिवशी विरूपाक्ष साहेबांनीच तोडगा सांगितला. "लातूरला राघवेंद्र म्हणून आहेत. प्रोजेक्ट रिपोर्ट करून देतात. त्यांचा रिपोर्ट आमची सिस्टीम लगेच घेते. हाताने लिहिलेलं घेत नाही."

तेवीस तारखेला, शुक्रवारी, लुंबिनी लातूरला गेली. राघवेंद्रचं ऑफिस मोंढ्याजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं, वर कोचिंग क्लास, खाली बारदान्याचं दुकान. वरून पोरं रसायनशास्त्राची सूत्रं घोकत होती आणि खालून तागाचा वास येत होता. राघवेंद्र तिशीतला, दोन फोनवर एकाच वेळी बोलणारा.

"लॉ ऑफिस?" त्याने खुर्ची फिरवली. "पहिलीच केस हाय मॅडम माझ्याकडं. पण टेन्शन घेऊ नका. फॉरमॅट एकच असतंय. नाव, पत्ता, फोटो द्या. वीस मिनिटात बाइंडिंगसकट."

वीस मिनिटांचे दोन तास झाले. मधे वीज गेली, आली, प्रिंटरमधला कागद अडकला, निघाला. शेवटी राघवेंद्रने निळ्या पुठ्ठ्याचा, स्पायरलचा जाड रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला आणि जिथे जिथे सही करायची तिथे बोट ठेवत गेला. तिची बस दहा मिनिटांत सुटणार होती. लुंबिनीने चौदा सह्या केल्या.

आता इथे थोडं थांबलं पाहिजे. ही तीच लुंबिनी, जी गेली आठ वर्षं प्रत्येक पक्षकाराला बजावत आली होती की वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. त्यावरून तिने म्हाताऱ्यांना रागावलं होतं. एका सरपंचाला तर तिने चारचौघांत झापलं होतं. पण बस सुटायला दहा मिनिटं उरली की माणसाचं शिक्षण कुठे जातं कोण जाणे.

चाकूर गेल्यावर तिला खिडकीजवळ जागा मिळाली. तिने रिपोर्ट उघडला. पहिल्या पानावर 'ॲड. लुंबिनी सोनकांबळे लॉ ऑफिस, अहमदपूर' असं ठळक अक्षरात होतं, शेजारी काळ्या कोटातला तिचा फोटो. ती खूश झाली. पान उलटलं.

'प्रस्तावित लॉ ऑफिसची दैनिक क्षमता चाळीस क्विंटल राहील.'

तिने चष्मा पुसला. 'कच्चा माल : तूर. सदर माल अहमदपूर व चाकूर परिसरात मुबलक उपलब्ध आहे. माल ओला असल्यास दोन दिवस उन्हात वाळवावा. दुय्यम उत्पादन : चुनी व टरफल, जनावरांच्या खाद्यासाठी विक्री. परिसरातील शेतकऱ्यांना घरगुती तुरीची डाळ माफक दरात करून देण्यात येईल.' आणि शेवटच्या पानावर, 'अर्जदार सदर मिल स्वतः पूर्णवेळ चालवतील.' खाली तिची सही. झोकदार, वळणदार, दोन टिंबांसकट.

"अगं माय!" लुंबिनी इतक्या जोरात म्हणाली की पुढच्या सीटवरच्या आजोबांनी वळून विचारलं, "पाकीट मारलं का बाई?"

तिने राघवेंद्रला फोन लावला. "मॅडम, पहिल्या पानावर बदललंय न सगळं?" तो म्हणाला. "आतलं कोण वाचतंय? तीनशे डाळ मिल काढल्या मी ह्याच फॉरमॅटवर, एकबी रिजेक्ट न्हाई. आन् बँकेला मेल केलाबी. सर्व्हिस हाय आपली."

"परत घ्या तो मेल!"

"मेल परत येत न्हाई मॅडम. मंगळवारी बँकेत बोला."

मंगळवार, कारण दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, मग रविवार, आणि सोमवारी प्रजासत्ताक दिन. एवढ्या तीन दिवसांत राघवेंद्रने आपली सर्व्हिस आणखी पुढे नेली. तो प्रत्येक गिऱ्हाईकाचं अभिनंदन व्हॉट्सॲपवर टाकत असे. शनिवारी सकाळी तुरीच्या राशीच्या चित्रावर काळ्या कोटातली लुंबिनी झळकली. 'अहमदपूर येथे नवीन डाळ मिल! कोर्टासमोर! घरगुती तूर डाळ करून मिळेल! संचालिका लुंबिनी सोनकांबळे.' दुपारपर्यंत ते चित्र आडतीवर पोचलं, संध्याकाळपर्यंत खेड्यापाड्यांत गेलं. तिने धमकावल्यावर राघवेंद्रने ते काढलं, पण तोवर दोनशे ग्रुपांनी ते पुढे पाठवलं होतं.

झेंडावंदनाला चंद्रप्रभाबाईंनी तिला अडवलं. "लुंबिनी, अभिनंदन. पण गावात आवाज किती होईल, धूळ किती उडेल? मी सह्यांची मोहीम काढणार आहे. वैयक्तिक घेऊ नकोस." मलप्पाअण्णा वेगळ्याच काळजीत. "मशीन बसवू नको बाई. ह्या गाळ्याचा स्लॅब माझ्या वयाचा हाय." महावितरणचा वायरमन घरी येऊन थ्री फेज पाहिजे का विचारून गेला. मोबाईल कव्हरवाला मात्र आनंदात होता. त्याने आता गाळ्याची उंचीही मोजली.

सगळ्यांत जास्त लागलं ते रेणुकादास वकिलांचं बोलणं. ते चांगले गृहस्थ. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि हळू आवाजात म्हणाले, "लुंबिनी, वकिलाला दुसरा धंदा चालवता येत नाही. तू तर सही करून लिहून दिलंयस की मिल स्वतः चालवणार. वर ही जाहिरात. कोणी तक्रार केली तर सनदेवर येईल. सोड हे गाळ्याचं खूळ. तुझी खुर्ची आहे तिथंच आहे."

तिने दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्या पाठीचा आकार त्या खुर्चीत उमटला होता. लुंबिनीला रडू आलं, आणि ते आलं म्हणून स्वतःचाच राग आला. "नाही सर," ती म्हणाली. "खुर्ची तुम्ही दुसऱ्या कोणाला द्या."

मग ती जिद्दीला पेटली. बँकेच्या वेबसाईटवरून तिने त्या कर्जयोजनेचं परिपत्रक काढलं. चाळीस पानं, बारीक अक्षर. बँकेतसुद्धा ते कोणी वाचलं नसावं. लुंबिनीने बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली आणि एकतिसाव्या पानावर तिला हवी ती ओळ सापडली. 'स्वयंरोजगारित व्यावसायिक : डॉक्टर, वकील, वास्तुविशारद.' तिने त्या ओळीखाली इतकी जाड रेघ मारली की कागद फाटला. मग शंभर पानी वहीचं एक कोरं पान घेऊन तिने स्वतःचा प्लॅन पुन्हा लिहिला, आणि कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून छापून घेतला. एकच पान झालं.

मंगळवारी ती बँक उघडायच्या आधी दारात उभी होती. "रिपोर्ट चुकीचा आहे, मी तो मागे घेते आहे, माझा डाळ मिलशी काहीही संबंध नाही," असं पत्र तिने निळ्या रिपोर्टसकट दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून घेतला. सनदेपुरता जीव भांड्यात पडला.

विरूपाक्ष साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "मॅडम, सिस्टीममध्ये डाळ मिल गेली. जागेची तपासणी एकतीसला लागली. तपासणीशिवाय फाईल बंद होत नाही. आणि ती बंद झाल्याशिवाय नवीन अर्ज घेता येत नाही."

"मग एकतीसला या. तिथेच जुनी बंद करा, तिथेच नवीन घ्या." तिने परिपत्रकाचं एकतिसावं पान त्यांच्यासमोर ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. "हे आमचंच आहे?" ते म्हणाले.

एकतीस तारखेला दुपारी मलप्पाअण्णांनी तपासणीपुरतं शटर उघडून दिलं. चहाच्या हॉटेलातून एक टेबल आणि दोन खुर्च्या उसन्या आणल्या. किशनराव इस्त्रीचा शर्ट घालून, एसटीतली जुनी चामडी पिशवी खांद्याला लावून दारात स्टुलावर बसले. मोबाईल कव्हरवाला समोरच्या फुटपाथवर घड्याळ बघत उभा राहिला. तीन वाजता साहेब यायचे होते.

अडीचला पोती आली. जानेवारी म्हणजे तुरीच्या राशींचे दिवस. कोणी मोटारसायकलवर आडवं टाकून आणलं, कोणी ऑटोतून, कोणी डोक्यावर. बघता बघता गाळ्यासमोर तीस-बत्तीस माणसं आणि तेवढीच बोचकी झाली. "मशीन कुठाय?" "आमचा नंबर कवा?" लुंबिनी काळ्या कोटात बाहेर आली. तिला कायद्याने जाहिरात करता येत नव्हती, आणि खरं न सांगता माणसं परत जायची नव्हती. ती प्रत्येकाला हात जोडून सांगत सुटली, "मामा, ही डाळ मिल नाही. हे वकिलाचं ऑफिस आहे. चुकून झालंय. तुम्हाला हेलपाटा पडला, माफ करा." किशनरावांनी त्यांना सवयीने रांगेत लावलं. "एकेक पुढं या! उगा गोंधळ करू नका!"

रांगेत शेवटी धुरपताबाई होत्या. सत्तरीच्या, हिरव्या लुगड्यातल्या, काखेत अर्धं पोतं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे डाळ करत न्हाईस?"

"नाही मावशी."

"वकील हाईस?"

"हो."

"मंग लईच बेस झालं." धुरपताबाई खाली बसल्या, पोत्याचं तोंड सोडलं आणि तुरीत कोपरापर्यंत हात घालून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "हे तलाठ्यानं दिलंय. दोन गावच्या शिकलेल्या माणसाला दाखवलं. 'साहेबाला इचार' म्हणतेत. कोण साहेब ते सांगत न्हाईत."

लुंबिनीने कागद वाचला. वडील वारल्यावर दोघा भावांनी जमिनीच्या वारसांत आपलीच नावं लावायला दिली होती. धुरपताबाईंचं नाव कुठेच नव्हतं. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते, त्यातले तेरा या तुरीत गेले होते.

"मावशी, सोमवारी शेवटचा दिवस आहे. सोमवारी आपण हरकत दाखल करायची. तुमचा हक्क आहे, भावांएवढाच."

धुरपताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "तू करशील? का मागनं दुसरा साहेब यायचा हाय?"

लुंबिनीने तो कागद आपल्या कोटाच्या खिशात ठेवला. "मीच," ती म्हणाली.

विरूपाक्ष साहेब तीनऐवजी साडेचारला, नेमके तेव्हा पोचले होते आणि रांग बघून फाटकापाशीच थबकले होते. ते पोत्यांमधून वाट काढत आत आले, निळा रिपोर्ट उघडला आणि विचारलं, "यंत्रसामग्री?" लुंबिनीने टेबलावरचं पेन दाखवलं. "कच्चा माल?" तिने बाहेरची रांग दाखवली. साहेबांनी निरीक्षण म्हणून लिहिलं, 'जागेवर डाळ मिल आढळली नाही', आणि फाईल बंद केली. अर्ज नामंजूर झाल्यावर एवढी हसणारी अर्जदार साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली असेल.

मग तिने नवीन कागद पुढे केला. ते एक पान साहेबांनी उभ्यानेच वाचलं. 'काम : जमीन, वारस, पोटगी. ठिकाण : कोर्टासमोर. वेळ : दहा ते सहा. प्रत्येक पक्षकाराला त्याची पुढची तारीख छापील चिठ्ठीवर त्याच दिवशी मिळेल व आदल्या दिवशी फोन जाईल. ही जबाबदारी श्री. किशनराव सोनकांबळे, एसटी कंडक्टर, निवृत्त, छत्तीस वर्षे सेवा.'

"तारीख कळवणार?" साहेबांना आश्चर्य वाटलं. "माझा स्वतःचा एक दावा आहे बिदरला. सहा वर्षांत मला एकदाही कोणी तारीख कळवली नाही." त्यांनी पान पुन्हा वरून खाली पाहिलं. "पण इथे जाहिरातीचा रकाना कोरा आहे. जाहिरात नाही तर गिऱ्हाईक कसं येणार?"

लुंबिनी नियम सांगायला तोंड उघडणार, तोच खालून आवाज आला. "मी आले की."

साहेबांनी धुरपताबाईंकडे पाहिलं, तुरीच्या पोत्याकडे पाहिलं आणि टेबलापाशी बसून बँकेच्या कागदावर लिहायला घेतलं. 'तत्त्वतः मंजूर.' बॅगेतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि दाबला. पाचला अकरा मिनिटं कमी होती. "आयितु," ते म्हणाले, आणि या वेळी ते खरोखरच झालं होतं.

मलप्पाअण्णांनी शिक्का उन्हात धरून बघितला, चावी दिली आणि स्लॅबखाली पुस्तकंसुद्धा जपून ठेवायला सांगितलं. मोबाईल कव्हरवाल्याने टेप गुंडाळली.

धुरपताबाई पोतं तिथेच ठेवून निघाल्या. लुंबिनीने किती सांगितलं, फी नंतर बघू, हे घेऊन जा. "वापस वझं कोण नेणार?" त्या म्हणाल्या. "पोरीसाठी डाळ करायची होती. आता तुझी आई करील, घरी जातं असंल न?" किशनरावांनी पिशवीतून चिठ्ठी काढली, 'सोमवार, दहा वाजता' असं लिहिलं आणि तिकिटं पंच करायच्या जुन्या चिमट्याने तिला टचकन भोक पाडून त्यांच्या हातात दिली. धुरपताबाईंनी ती पदराच्या गाठीत बांधली.

साहेब विसरून गेलेला निळा रिपोर्ट टेबलावर पडला होता. किशनरावांनी तो चाळला, 'कच्चा माल : तूर' या ओळीपाशी थांबले, कोपऱ्यातल्या पोत्याकडे पाहिलं आणि पेनने बरोबरची खूण केली.

एवढ्यात बोचकं घेऊन परत निघालेला रांगेतला एक माणूस वळून आला. खिशातून घडी केलेला कागद काढत त्याने दारात बसलेल्या किशनरावांना विचारलं, "दादा, साहेब कधी येतील?"

आत लुंबिनीच्या हातातली चावी थांबली.

किशनराव स्टुलावरून उठले, शर्ट खाली ओढला आणि छत्तीस वर्षांच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "साहेब आल्यात. आत बसल्यात. चपला काढून पुढं व्हा."